कित्ता की आधार? अ‍ॅनिमेशनमधील संदर्भचित्रांचा उपयोग

किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या माणसाचे एक चित्र काढणे फारसे अवघड नाही. तोच माणूस पडद्यावर सेकंदभर रापण ओढताना दाखवायचा म्हटला, की निदान बारा चित्रे लागतात. आणि त्या बारांपैकी प्रत्येकात त्याच्या देहाचा भार नेमका कुठे पडला आहे हे चित्रकाराला ठाऊक असावे लागते. टाच वाळूत किती रुतते? दोर ताणला जातो तेव्हा आधी खांदा मागे जातो की कंबर? पाऊल उचलल्यावर तोल सावरण्यासाठी डोके कोणत्या बाजूला कलते? समुद्रकाठी जन्म काढलेल्या माणसालाही या प्रश्नांची उत्तरे डोळे मिटून देता येत नाहीत. रोज पाहिलेले सारे स्मरणात असते असा समज असतो; चित्र काढायला बसले की तो समज फार वेळ टिकत नाही.

अशा वेळी चित्रकार संदर्भचित्राकडे वळतो. एके काळी हा संदर्भ म्हणजे भिंतीवर टाचलेले छायाचित्र, टेबलावर ठेवलेला आरसा किंवा समोर उभा केलेला माणूस असे. आता हाताने चित्रे काढण्याचे कामही संगणकावर होते. पेन टॅब्लेटवर रेषा ओढायच्या आणि छायाचित्र किंवा मोबाइलवर टिपलेली चित्रफीत त्याच प्रणालीत आणून, म्हणजे ‘इम्पोर्ट’ करून, रेषांच्या खाली ठेवायची. त्याला दोन टिचक्या पुरतात. क्रिता, ओपनटून्झ, पेन्सिलटूडी यांसारख्या प्रणाली विनामूल्य मिळतात आणि साध्या लॅपटॉपवरही चालतात. त्यामुळे एखाद्या मोठ्या स्टुडिओत जे शक्य होते त्यातील पुष्कळसे आज फोंड्यात किंवा काणकोणात घरी बसूनही करता येते.

खाली ठेवलेल्या त्या चित्राचे पुढे काय करायचे, याबाबत मात्र नवशिक्यांचा हमखास गोंधळ होतो. बहुतेक जण ते गिरवतात. शाळेत कित्ता गिरवण्याची सवय हातात मुरलेली असते आणि पडद्यावर फिकट छायाचित्र दिसले की पेन आपोआप त्याच्या कडेने फिरू लागते. एकेक चित्र पाहावे तर प्रमाणबद्ध, नेटके. सगळी चित्रे ओळीने चालवली की माणूस हलतो, पण त्याच्या हातातल्या दोराला वजन नसते. देहाच्या कडा उगाच थरथरतात आणि चेहरा मुखवट्यासारखा वाटतो. असे का होते, याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या एका यंत्रापाशी सापडते.

काचेखालचा विदूषक

मॅक्स फ्लायशर या अमेरिकी चित्रकाराने १९१५ मध्ये एका यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट १९१७ मध्ये मिळाले. चित्रित केलेल्या फिल्मची एकेक चौकट काचेच्या पाटीवर खालून प्रक्षेपित करायची, काचेवर कागद ठेवायचा आणि दिसेल ती आकृती गिरवायची, अशी त्या यंत्राची साधी रचना होती. त्यालाच पुढे रोटोस्कोप हे नाव रूढ झाले. मॅक्सचा भाऊ डेव्ह विदूषकाचा वेश घालून कॅमेऱ्यासमोर नाचला आणि त्या हालचालींवरून ‘कोको द क्लाउन’ हे पात्र जन्माला आले. त्या काळची कार्टून पात्रे काठीसारखी ताठ हलत. त्यांच्या शेजारी कोकोची सहज चाल प्रेक्षकांना चकित करणारी होती. (योगायोग असा की त्याच १९१५ साली इकडे दादासाहेब फाळके आगपेटीतील काड्या एकेक करून सरकवत ‘आगकाड्यांची मौज’ करत होते. तिथे गिरवण्याचा प्रश्नच नव्हता.)

कोको खपून गेला, कारण तो विदूषक होता. ढगळ झगा, ठळक आकार आणि मुळातच अतिशयोक्त अभिनय हे सारे गिरवण्याला मानवणारे होते. खरी अडचण साध्या माणसाचे चित्रण करताना उभी राहिली. डिस्ने स्टुडिओच्या १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’साठी मार्ज चॅम्पियन ही तरुण नर्तकी कॅमेऱ्यासमोर वावरली. त्या फिल्मच्या चौकटी कागदावर छापून चित्रकारांच्या टेबलावर ठेवल्या जात. अनुभव असा आला की, छापील चौकट जशीच्या तशी उतरवली की पात्र पडद्यावर ताठर आणि परके वाटते. तीच चौकट पाहून, तिच्यातला मुख्य झोक ओळखून, तो किंचित वाढवून चित्र नव्याने काढले की पात्रात जीव येतो. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या तिथल्याच दोन ज्येष्ठ चित्रकारांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द इल्यूजन ऑफ लाइफ’ या ग्रंथात या अनुभवाचे सविस्तर विवेचन केले आहे.

कारण समजून घेण्याजोगे आहे. कॅमेऱ्याच्या लेखी सगळे सारखेच महत्त्वाचे असते. सदऱ्याची सुरकुती आणि वळलेला पाठीचा कणा तो एकाच इमानाने टिपतो. रेषेला निवड करावी लागते. छायाचित्रात भार जाणवतो तो छायाप्रकाश, त्वचेचा ताण, वाळूचा पोत अशा अनेक खुणांमुळे. नुसती बाह्यरेषा उचलली की त्या साऱ्या खुणा गळून पडतात. त्यांची भरपाई आकारातूनच करावी लागते: पाठ थोडी अधिक वाकवावी लागते, टाच थोडी अधिक खोल जावी लागते. शिवाय गिरवताना प्रत्येक चौकटीत कडा नेमकी कुठे धरायची याचा निर्णय हात नव्याने घेतो. केसाएवढा फरक प्रत्येक चित्रात पडत जातो आणि चित्रमालिका चालवली की तोच फरक थरथर बनून दिसतो.

‘बांबी’च्या वेळी (१९४२) त्याच स्टुडिओने वेगळी वाट धरली. हरणाची दोन पाडसे स्टुडिओत आणून ठेवली. रिको लेब्रन या चित्रकाराने तिथल्या मंडळींना प्राण्यांची शरीररचना शिकवली. हाडे कुठे जोडलेली आहेत, सांधा कोणत्या दिशेने वळतो हे कळल्यावर गिरवण्याची गरजच उरत नाही. ‘बांबी’वर काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईला फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले. राम मोहन त्याच वर्गातून घडले आणि १९५७ च्या ‘द बन्यन डिअर’मधून त्या शिक्षणाचे फळ पुढे आले. भारतीय अ‍ॅनिमेशनच्या पायाशी असे एक हरीणच उभे आहे.

प्रणाली काय करते, काय करत नाही

पाहणे आणि गिरवणे यांतला हा भेद काही प्रणालींच्या रचनेतच उतरलेला दिसतो. क्रितामध्ये संदर्भचित्रांसाठी स्वतंत्र साधन आहे. त्यातून आणलेले चित्र कॅनव्हासच्या वर तरंगते. ते लहानमोठे करता येते, फिरवता येते, त्याचा रंग उतरवून करडे करता येते. ते कोणत्याही थराचा भाग नसते, त्यामुळे अंतिम चित्रात उमटत नाही. ते रेषांच्या वर असल्याने त्याच्यावरून गिरवायला गेल्यास रेषा त्याच्याच खाली झाकली जाते. हा दोष वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात ते चित्र शेजारी ठेवून पाहण्यासाठीच आहे. गिरवायचेच असेल तर छायाचित्र साध्या थरात आणावे लागते, त्याची पारदर्शकता वाढवून त्याला कुलूप लावावे लागते आणि वर दुसरा कोरा थर घ्यावा लागतो. कुलूप लावायला विसरले तर तासाभराच्या रेषा थेट छायाचित्रावर पडतात आणि मग त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

पेन्सिलटूडीमध्ये हा धोका अधिक असतो. तिथे बिटमॅप थरावर आणलेले चित्र त्या चौकटीच्या रेखाटनाचाच भाग होते. खोडरबर फिरवला तर रेषेसोबत छायाचित्रही पुसले जाते. म्हणून संदर्भासाठी वेगळा थर आधी करणे हीच तिथली पहिली पायरी. ही प्रणाली अगदी छोटी आणि शिकायला सोपी असल्याने शाळकरी मुलांसाठी उत्तम आहे. मोठ्या कामाला मात्र ती अपुरी पडते.

ओपनटून्झचे कूळ मोठे. इटलीत तयार झालेली ‘टून्झ’ ही प्रणाली जपानच्या स्टुडिओ जिब्लीने ‘प्रिन्सेस मोनोनोके’पासून (१९९७) वापरली आणि २०१६ मध्ये तिची मुक्त आवृत्ती सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात प्रत्येक स्तंभाला दोन वेगळी बटणे असतात. एकाने तो स्तंभ काम करताना दिसतो किंवा अर्धपारदर्शक होतो, दुसऱ्याने तो अंतिम चित्रफितीत उतरतो किंवा उतरत नाही. संदर्भाच्या स्तंभाचे दुसरे बटण पहिल्याच दिवशी बंद करावे. नाही तर रात्रभर संगणक चालवून तयार केलेल्या फितीत रेखाटनाच्या मागे मोबाइलवरचे चित्रण झळकत राहते.

आणखी एक निर्णय तिथे सुरुवातीलाच विचारला जातो आणि घाईत दुर्लक्षिला जातो. बाहेरची फाइल घेताना ओपनटून्झ विचारते, ती प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये नक्कल करून घ्यायची की मूळ जागेवरूनच वाचायची? क्रितामध्येही संदर्भचित्र फाइलमध्ये सामावून घेणे किंवा केवळ दुव्याने जोडणे असे दोन पर्याय आहेत. दुव्याने जोडल्यास फाइल हलकी राहते. पण प्रकल्प पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्याच्या संगणकावर उघडला, की दुवा तुटतो आणि संदर्भाच्या जागी पोकळी दिसते. दोघांनी मिळून काम करायचे असेल तर नक्कल करून घेणेच श्रेयस्कर.

तीस आणि चोवीस

सर्वांत फसवी गोष्ट गतीची. चित्रपटाची प्रचलित गती सेकंदाला २४ चौकटींची आहे. हाताने काढताना बहुधा प्रत्येक चित्र दोन चौकटींपुरते टिकवतात, म्हणून सेकंदाला बारा चित्रे पुरतात. मोबाइल मात्र सामान्यतः सेकंदाला ३० चौकटी टिपतो. मोबाइलवरची एक सेकंदाची हालचाल चौकटीमागे चौकट या हिशेबाने २४ च्या प्रकल्पात आणली, तर ती सव्वा सेकंद चालते. पाव सेकंद म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण दोर ओढतानाचा झटका जेमतेम तेवढ्याच वेळाचा असतो. तो लांबला की रापणकार पाण्यात चालल्यासारखा दिसतो. त्यातून काही मोबाइल प्रकाशानुसार चौकटींची गती आपोआप कमीजास्त करतात, म्हणजे एकच हिशेब सगळीकडे लागू पडत नाही. यावर उपाय हा की, चित्रीकरण आधी एखाद्या संपादन प्रणालीत २४ च्या स्थिर गतीला बदलून घ्यावे आणि मगच आणावे.

स्मृतीचा भारही मोठा असतो. १९२० गुणिले १०८० बिंदूंची एक चौकट संगणकाच्या स्मृतीत उघडली की सुमारे ८.३ मेगाबाइट जागा घेते. दहा सेकंदांच्या ३०० चौकटी म्हणजे जवळपास अडीच गीगाबाइट. मोबाइलवर तीच फीत लहान वाटते, कारण तिथे ती दाबून साठवलेली असते. चार गीगाबाइट स्मृतीच्या लॅपटॉपवर असा प्रकल्प उघडला की पेन ओढल्यानंतर रेषा अंमळ उशिरानेच उमटते, आणि दोष पेनवर जातो.

तीनशे चौकटी आणण्याची गरज मुळात नसतेच. अनुभवी चित्रकार फीत पुन्हा पुन्हा पाहतो, तिच्यातल्या टोकाच्या पाच-सहा स्थिती निवडतो आणि तेवढ्याच आणतो. रापणकाराच्या बाबतीत दोर हाती घेतलेला क्षण, देह सर्वाधिक मागे झुकलेला क्षण, पाऊल उचललेले आणि पाऊल टेकलेले, एवढ्याने काम भागते. या स्थिती प्रथम शेजारी पाहून काढायच्या, मग त्यांच्या मधली चित्रे संदर्भ बंद करून भरायची. मागचे-पुढचे चित्र फिकट दिसण्याची सोय, जिला ओनियन स्किन म्हणतात, ती त्यासाठीच आहे. मधली चित्रे काढताना हाताला आधार स्वतःच्याच रेषांचा मिळतो, त्यामुळे थरथर कमी होते. शेवटी संदर्भ पुन्हा चालू करून तुलना करायची आणि कुठे ढळले ते पाहायचे.

घोडा कोणाचा?

संदर्भ कोणता निवडावा, हा प्रश्न तंत्राहून अवघड आहे. एडवर्ड मायब्रिज याने १८७८ मध्ये धावत्या घोड्याची ओळीने छायाचित्रे घेतली आणि चारही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटतात हे दाखवून दिले. १८८७ मध्ये त्याने माणसांच्या आणि प्राण्यांच्या हालचालींची ७८१ पत्रके प्रसिद्ध केली. ती आजही जगभरच्या अ‍ॅनिमेशन वर्गांत वापरली जातात. घोडा काढायचा तर मायब्रिज, हे समीकरणच झाले आहे.

पण सत्तरी-डिचोलीकडची शिगम्यातली घोडेमोडणी दाखवायची असेल तर? तिथल्या घोड्याला तोंड आहे, सजावट आहे, पाय मात्र नाचणाऱ्या माणसाचे आहेत. घोडा कमरेला बांधलेला असतो. तो डोलतो ते कमरेच्या झोक्याने, तलवार धरलेला हात वर जातो ते ढोल-ताशाच्या लयीने. मायब्रिजची पत्रके इथे उपयोगाची नाहीत, उलट घातक आहेत, कारण त्यांच्या आधाराने काढलेला घोडा दौडू लागतो आणि नाच हरवतो. रापणीचेही तेच. इंटरनेटवर ‘मासेमारीचे जाळे’ शोधले की उडवून फेकायच्या जाळ्याची सूर्यास्तातली सुंदर छायाचित्रे ढिगाने मिळतात. रापण होडीतून अर्धवर्तुळात सोडतात आणि दोन्ही टोकांनी माणसांच्या दोन रांगा ती किनाऱ्याकडे ओढतात. फेकायच्या जाळ्याशी तिचे काहीच साम्य नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून बनवून घेतलेल्या चित्रांनाही संदर्भ म्हणणे कठीण, कारण त्यांत दिसणारी गोष्ट कुठे घडलेलीच नसते. सहज सापडलेल्या चित्रावरून काढलेला गोव्याचा किनारा गोव्यातल्याच प्रेक्षकाला परका वाटतो, आणि तो का परका वाटतो हे त्याला बहुधा सांगता येत नाही.

त्यामुळे शक्य तिथे संदर्भ स्वतः टिपावा, हे बरे. मोबाइल हाती न धरता टेकवून ठेवावा. फार जवळ जाऊ नये. मोबाइलच्या रुंद भिंगामुळे जवळचा हात डोक्याएवढा दिसतो आणि गिरवणारा ते प्रमाणही इमानाने उतरवतो. पाच-सहा मीटर मागे सरकून, शक्य तर बाजूने, पाय पूर्ण दिसतील असे चित्रण करावे. उजेड भरपूर असावा, म्हणजे हालचाल पुसट होत नाही. ज्यांना टिपायचे त्यांना आधी विचारावे, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

हक्काचा प्रश्न

दुसऱ्याचे छायाचित्र गिरवले आणि मूळ थर काढून टाकला की काम आपले झाले, असा समज सर्रास आढळतो. कायदा तसे म्हणत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकृतीचे कोणत्याही भौतिक स्वरूपातील पुनरुत्पादन हा मूळ कर्त्याचा हक्क आहे. छायाचित्रावरून रेषा न् रेषा उचलणे त्यात येऊ शकते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रालाही छायाचित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षांपर्यंत संरक्षण आहे. मायब्रिज १९०४ मध्ये वारला, त्यामुळे त्याची मूळ पत्रके निर्धास्त वापरता येतात.

कल्पनेला मात्र हे संरक्षण नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हा भेद स्पष्ट केला: संरक्षण अभिव्यक्तीला असते, कल्पनेला नाही. दोर ओढताना माणूस मागे झुकतो, ही कोणाची मालमत्ता होऊ शकत नाही. एका विशिष्ट छायाचित्रातील मांडणी, कोन, छायाप्रकाश जसाच्या तसा उचलणे ही वेगळी गोष्ट. म्हणजे चार-पाच छायाचित्रे पाहून, समजून, नव्या कोनातून काढणारा चित्रकार कलेच्या दृष्टीने जितका सुस्थितीत असतो, तितकाच कायद्याच्या दृष्टीनेही. वास्तूंबाबत कायदा उदार आहे. इमारतीचे चित्र काढणे आणि सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभारलेल्या शिल्पाचे चित्र काढणे हे त्याने अपवादांत घातले आहे. जुन्या गोव्यातील चर्च किंवा म्हार्दोळचे देऊळ समोर बसून रेखाटण्यास कॉपीराइटची आडकाठी नाही. त्याच देवळाचे दुसऱ्याने काढलेले छायाचित्र गिरवताना मात्र त्या छायाचित्रकाराचा हक्क मध्ये येतो.

विकिमीडिया कॉमन्ससारख्या संग्रहांत मुक्त परवान्याची छायाचित्रे विपुल आहेत, पण ‘मुक्त’ म्हणजे विनाअट नव्हे. काही परवाने केवळ नामनिर्देश मागतात. काहींची अट अशी की त्यावर आधारलेली नवी कृतीही त्याच परवान्याखाली खुली करावी. ही दुसरी अट पाळणे म्हणजे आपल्या फितीवरील हक्कांना काही प्रमाणात मर्यादा घालून घेणे होय, हे आधी समजून घ्यावे. चित्रपट महोत्सवाचा अर्ज भरताना सर्व सामग्रीच्या हक्कांची हमी दिग्दर्शकाला द्यावी लागते आणि तोवर कोणते छायाचित्र कुठून घेतले याची आठवण कोणाला राहिलेली नसते. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल ठेवून, प्रत्येक संदर्भ आणताना तिच्यात छायाचित्रकाराचे नाव, ठिकाण, तारीख आणि परवाना यांची एक ओळ लिहिली, तर हमीपत्रावर सही करताना तीच समोर उघडता येते.